डिम्फनाचे आठ अंतिम सामने

"जोरात मारणं हे घाईतल्या माणसाचं काम आहे, मला कसलीच घाई नाही," असं डिम्फना हेल्सेन एकदा म्हणाली होती.

ते १९८१ साली, पॅरिसच्या लाल मातीवर टेनिसचा उपांत्यपूर्व सामना हरून बाहेर येताना. समोरची मुलगी उंच होती, खांद्यांनी भरलेली होती, तिचा चेंडू पडला की मातीतून विटेचा भुगा उडत असे. एका वार्ताहराने डिम्फनाला विचारलं की तुम्ही दोन तासांत एकदाही जोरात का मारला नाहीत. तिने दिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी छापून आलं आणि फ्लँडर्समधल्या तिच्या गावानं ते उचललं. पुढे ती गावात पत्रं वाटू लागली. एकतीस वर्षं वाटली. टपाल उशिरा आलं की दारात उभी असलेली म्हातारी शेजारणीला ऐकू जाईल इतक्या बेतानं म्हणायची, "थांबा जरा, आपल्या डिम्फनाला कसलीच घाई नाही."

डिम्फना सायकल भिंतीला टेकवत म्हणायची, "तुझ्या सुनेचं पत्र आहे, आजी. परत घेऊन जाऊ का?"

हेरलिंडला हे सगळं पाठ होतं. तिनं डिम्फनाला पॅरिसमध्ये खेळताना पाहिलं नव्हतं. त्या वेळी ती वीटभट्टीच्या कचेरीत टंकलेखन करत होती, आणि सामना लागला तेव्हा तिच्या घरच्या टीव्हीवर बाप सायकलींची शर्यत बघत होता. पण गेली अठ्ठावीस वर्षं दुहेरीत डिम्फनाच्या शेजारी उभं राहून हेरलिंडनं तिचा खेळ जितका जवळून पाहिला तितका कोणी पाहिला नसेल. कोणी विचारलं की ती सांगे, हा खेळ टेनिसमधून आलेला नाही, वाफ्यातून आलेला आहे.

डिम्फनाच्या बापाचं ॲस्परॅगस या भाजीचं शेत होतं. त्या वाळूच्या मुलखात दुसरं काही धड येत नाही. गुडघाभर उंच वरंबे, आणि त्यांच्या पोटात पांढरे कोंब. कोंबानं वर डोकं काढलं की ऊन लागून तो जांभळा पडतो आणि त्याची किंमत जाते, म्हणून त्याला उजेड दिसायच्या आत कापायचं. वरंब्याच्या माथ्यावर केसासारखी एक चीर पडलेली असते. ती दिसली पाहिजे. मग दोन बोटांनी वाळू बाजूला करायची, लांब सुरी तिरकी खाली सरकवायची, आणि दिसत नसलेला कोंब हाताच्या अंदाजानं कापायचा. एप्रिल ते जून, रोज पहाटे, कंबरेत वाकून. डिम्फना सहा वर्षांची असल्यापासून हे करत होती. अकराव्या वर्षी तिच्या हातात रॅकेट आली तेव्हा ती चेंडूकडेही तशीच गेली. वाकून, तिरकी, खालून.

तिचा बॅकहँड हा असा होता. रॅकेट चेंडूखालून सुरीसारखी सरकायची, आवाज जवळजवळ होत नसे, आणि पलीकडे पडलेला चेंडू उसळायचं विसरून जाई. प्रतिस्पर्धी मुली उंच मुलींच्या उंच चेंडूंवर वाढलेल्या असत. त्यांना घोट्याजवळून चेंडू उचलावा लागे आणि तो उचलता उचलता त्यांचा सगळा जोर कंबरेत अडकून बसे. त्यांनी मागे सरकून जागा केली की डिम्फना चेंडू जाळीच्या अगदी पलीकडे, हातातून निसटल्यासारखा टाकून देई. आणि मुख्य म्हणजे तिला चीर दिसत असे. समोरची कुठे मारणार हे तिला मारायच्या आधी कळे. हेरलिंडनं एकदा विचारलं होतं, "तुला कळतं तरी कसं?" डिम्फना म्हणाली, "खांद्याची कातडी आधी हलते." हेरलिंडनं त्यानंतर वर्षभर लोकांचे खांदे पाहिले. तिला काही दिसलं नाही.

नऊ वर्षं डिम्फना एका बॅगेनिशी जग फिरली. एका शरद ऋतूत ती जगात एकोणिसावी होती. सात स्पर्धांत अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि सातही हरली. कधी पावसानं खेळ थांबला आणि दुसऱ्या दिवशी हात गार पडले, कधी समोरची खरोखरच चांगली होती. उपविजेतीला मिळणाऱ्या सात चांदीच्या ताटल्या तिच्या घरी होत्या, खिडकीतल्या कुंड्यांखाली. पाणी जास्त झालं की त्यांत जमायचं.

१९८४च्या एप्रिलमध्ये, ऐन कापणीत, बाप शिडीवरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. डिम्फना सहा आठवड्यांसाठी म्हणून आली. चोवीस जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, रिवाजाप्रमाणे कापणी थांबली. सुऱ्या धुऊन, तेल लावून ठेवल्या गेल्या. डिम्फना काही परत गेली नाही. लोकांना यामागे काहीतरी दुःख हवं होतं. ती सांगायची, "हॉटेलातल्या उशा फार उंच असतात."

हेरलिंडची आणि तिची गाठ पडली ती १९९० साली. वीटभट्टी तोवर बंद झाली होती आणि हेरलिंडला गावच्या टेनिस क्लबमध्ये कोर्टांची देखभाल करायचं काम मिळालं होतं. सहा कोर्टं, सगळी त्याच बंद पडलेल्या भट्टीच्या विटा दळून केलेली. सकाळी पाणी मारायचं, रेघा झाडायच्या, प्रत्येक खेळानंतर मागे जड जाळं बांधून बाहेरून आत गोल गोल ओढायचं, म्हणजे पावलांचे आणि चेंडूंचे सगळे ठसे मिटून माती पुन्हा पहिल्या दिवसासारखी होते. हे काम हेरलिंडच्या अंगात फार लवकर भिनलं. तिला ठसे उमटलेली माती बघवत नसे. चर्चमध्ये बाकावर सांडलेलं मेणसुद्धा ती नखानं काढत बसे.

एक दिवस डिम्फना क्लबचं टपाल घेऊन आली. हेरलिंड जाळं ओढत होती. डिम्फना कुंपणाशी उभी राहून बघत राहिली.

"तू खेळतेस का?" तिनं विचारलं.

"मारते," हेरलिंड म्हणाली. "खेळते असं नाही म्हणता येणार."

"जोरात?"

"क्लबातला नेस्तोर म्हणतो, कुंपणाला भोकं पाडते."

"बरं झालं," डिम्फना म्हणाली. "जोरात मारणारं कोणीतरी हवंच होतं मला."

तेव्हापासून हे चाललं होतं. मे महिना आला की दर रविवारी क्लबांच्या सामन्यांची मालिका. कधी इथे, कधी तिथे. हेरलिंड मारायची, डिम्फना विचार करायची. पाहुण्या संघाला सामन्यानंतर यजमानांनी जेवू घालायचं, मग भले पाहुण्यांनी तुमचं नाक कापलेलं असो. नेस्तोर, क्लबचा अध्यक्ष आणि स्वयंपाकी, ऐंशीला टेकला होता आणि अजून कोणाला भांड्याला हात लावू देत नसे. तो म्हणायचा, "आमच्याकडे हरणाऱ्याला पोटभर मिळतं आणि जिंकणाऱ्याला दुसऱ्यांदा वाढतात."

२०१८च्या एप्रिलमध्ये डिम्फनानं सांगून टाकलं होतं. ती त्रेसष्ट वर्षांची झाली होती. "हा शेवटचा हंगाम. मला चेंडू अजून दिसतो, पण पाय त्याला भेटायला उशिरा जातात." तिनं हे पावाचे भाव सांगावेत तसं सांगितलं. हेरलिंड त्या दिवशी घरी गेली, स्वयंपाकघरात बसली आणि तिनं ठरवलं की डिम्फनाला जाताना एक तरी करंडक द्यायचा. सात वेळा दारापर्यंत जाऊन परत आलेली बाई आहे. एकदा आत जाऊ दे. तिनं हे कोणाला सांगितलं नाही, डिम्फनाला तर नाहीच.

आणि गंमत म्हणजे ते जमत आलं. पंचावन्न वर्षांवरील महिलांच्या गटात त्यांचा संघ एकेक रविवार जिंकत गेला आणि जूनच्या दुसऱ्या रविवारी फ्लँडर्स प्रांताचा अंतिम सामना त्यांच्याच मातीवर आला. समोर समुद्राकाठच्या गावाचा संघ. त्यांची कप्तान रोझाली ही मासळीच्या दुकानाची मालकीण, आवाज धक्क्यावर तयार झालेला. बसमधून उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "काय गं हेरलिंड, तुमच्याकडे अजून चेंडू उसळत नाहीत ना? मी माझे गुडघे घरी ठेवून आले आहे."

"तुझी जीभ आणलीस ना," हेरलिंड म्हणाली, "तीच पुरे होईल."

एकेरीचे सामने झाले, पहिली दुहेरी झाली, आणि सगळं शेवटच्या दुहेरीवर येऊन थांबलं. दोन नंबरचं कोर्ट. एका बाजूला डिम्फना आणि हेरलिंड, दुसऱ्या बाजूला रोझाली आणि तिची धाकटी बहीण. गावातली माणसं खुर्च्या घेऊन आली होती. कोणी चर्चमधून सरळ आलं होतं, अंगावर रविवारचे कपडे होते. कोणीतरी कुत्रा आणला होता आणि तो दर गुणाला उभा राहत होता.

पहिला सेट गेला. दुसरा सेट डिम्फनानं एकटीनं जिंकला असं हेरलिंड नंतर सांगायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. पाय खरंच उशिरा जात होते, पण डिम्फना आधीच निघत असे. रोझालीनं रॅकेट मागे नेली न नेली तोच ही दोन पावलं डावीकडे सरकलेली, आणि चेंडू सांगून ठेवल्यासारखा तिथंच येई. मग ती सुरी. मग पलीकडे रोझाली वाकून, धापा टाकत, "ए बाई, जरा माणसाला उभं तर राहू दे."

"उभी राहा की," डिम्फना म्हणाली. "मी कुठे अडवलंय."

तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा निकाल, दोन गुणांची आघाडी लागते. आठ-आठ झाले. नऊ-नऊ झाले. मग हेरलिंडची एक सर्व्हिस कुंपणापर्यंत गेली आणि दुसरी जाळीत. नऊ-दहा. डिम्फना जवळ आली, चेंडू पलीकडे पाठवला आणि हळूच म्हणाली, "श्वास घे. कोंब आपल्याच वाफ्यात आहे."

त्या गुणात बावीस वेळा चेंडू जाळीवरून गेला. कुत्रासुद्धा बसून राहिला. शेवटी रोझालीनं अंगातला सगळा समुद्र एकवटून रेषेलगत एक फोरहँड मारला, हेरलिंडच्या कोपऱ्यात, खोल. हेरलिंडनं तो जाऊ दिला. तो पडताना तिनं डोळ्यांनी पाहिला. रेषेच्या बाहेर दोन बोटं. लाल मातीवर एक लांबट, स्वच्छ ठसा.

"बाहेर," ती म्हणाली आणि बोट वर केलं. दहा-दहा. तिचा जीव भांड्यात पडला. छातीतून असा काही सुटकेचा वारा निघाला की तिचं शरीर क्षणभर तिचं राहिलं नाही, अठ्ठावीस वर्षांच्या सवयीचं झालं. तिचा उजवा बूट पुढे गेला, मातीवरून एकदा इकडून तिकडे फिरला आणि परत आला.

पलीकडून रोझाली म्हणाली, "ठसा दाखव बरं."

या सामन्यांना पंच नसतो. आपल्या बाजूचा निकाल आपणच द्यायचा, आणि समोरच्यानं मागितलं तर ठसा दाखवायचा. ज्यानं ठसा पुसला त्याचा गुण गेला. हे मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात. हेरलिंडनं स्वतः शिकवलं होतं, शंभरेक मुलांना तरी.

तिनं खाली पाहिलं. माती इस्त्री केलेल्या चादरीसारखी सपाट होती.

रोझाली जाळीला वळसा घालून आली, वाकून बघू लागली, आणि मग तिनं हेरलिंडच्या बुटाच्या टोकाकडे पाहिलं. तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "अगं हेरलिंड, हे काय केलंस."

"बाहेर होता," हेरलिंड म्हणाली. तिला स्वतःचंच बोलणं दुरून ऐकू येत होतं. "दोन बोटं. शपथ घेऊन सांगते. मी पुसला कधी, मला कळलंच नाही."

"असेल गं. मी खोटं म्हणत नाही." रोझालीनं बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं मान हलवली. "परत खेळू हा गुण. अशानं जिंकून मला मासे गोड लागणार नाहीत."

तेवढ्यात डिम्फना आली. तिनं सपाट माती पाहिली. मातीनं लाल झालेलं बुटाचं टोक पाहिलं. हेरलिंडचा चेहरा पाहिला. आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग ती रॅकेटवर रेलली, मग रॅकेटही पुरेना आणि ती सरळ बेसलाइनवर बसली, पाय पसरून, पांढऱ्या स्कर्टला लाल माती लागू देत. हेरलिंडनं तिला स्मित करताना हजारदा पाहिलं होतं. असं हसताना एकदाही नाही. कुंपणाबाहेरच्या माणसांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण तीसुद्धा सगळी हसायला लागली.

"बाहेरच होता," डिम्फना डोळे पुसत म्हणाली. "मीही पाहिला. चांगला दोन बोटं."

"मग परत खेळायचा ना?" रोझालीनं विचारलं.

"छे. ठसा कुठे आहे?" तिनं हात पुढे केला. रोझालीनं तिला ओढून उभं केलं, आणि त्याच हातानं डिम्फनानं तिचा हात हलवून अभिनंदन केलं. "सात वेळा हरले आहे मी, बाई. मोठ्या मोठ्या गावांत. पण अशी मजेत एकदाही नाही."

नऊ-अकरा. करंडक समुद्राकडे गेला.

हेरलिंड शेडकडे निघाली, जाळं आणायला, कारण तिला दुसरं काय करावं ते सुचेना. नेस्तोर एप्रन बांधून दारात उभा होता. "कुठे निघालीस?"

"कोर्ट ओढायला."

"आज राहू दे," नेस्तोर म्हणाला. "आज तुझं पुसून झालंय."

जेवायला लांब टेबल मांडलं होतं. हंगामाचे शेवटचे ॲस्परॅगस, वर लोणी आणि चुरलेलं उकडलेलं अंडं, मागून बियरमध्ये शिजलेलं मांस आणि तळलेले बटाटे. समुद्राकाठच्या बायकांनी करंडकात बियर ओतून तो फिरवला, आणि तो फिरत फिरत हेरलिंडपाशी आला तेव्हा सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "त्यावरचं नाव पुसू नकोस गं बाई." हेरलिंडचे कान तापले. ती हसली, प्यायली, पण ताट तसंच राहिलं. डिम्फना तिच्या शेजारीच बसली होती आणि आपलं ताट संपवून तिच्या ताटातले कोंब उचलत होती.

"डिम्फ," हेरलिंड हळू आवाजात म्हणाली, "मला तुला तो द्यायचा होता. जाताना."

"काय?"

"करंडक."

डिम्फनानं चावणं थांबवलं. तिनं हेरलिंडकडे असं पाहिलं जसं ती समोरच्या खेळाडूच्या खांद्याकडे पाहत असे. "म्हणून एप्रिलपासून तुझी सर्व्हिस इतकी कडक होती होय," ती म्हणाली. "मी म्हटलं, हिचं घरात भांडण झालंय." आणि तिनं आणखी एक कोंब उचलला.

तेवढ्यात नेस्तोरनं चमच्यानं ग्लास वाजवला. कोपऱ्यातून दोघांनी एक मोठी वस्तू ओढत आणली. निळ्या कापडाची आरामखुर्ची, बागेत ठेवायची, पायांना टेकू असलेली, तिच्यावर फीत बांधलेली. नेस्तोरनं खिशातून कागद काढला, चष्मा नाही म्हणून परत ठेवला.

"मंडळी, आपल्या डिम्फनानं ठरवलंय की आता बसायचं. म्हणून क्लबनं तिला बसायला दिलंय. या खुर्चीत बसून तिनं आमच्या चुका बघाव्यात आणि आम्हाला चिडवावं. एवढंच माझं भाषण. आता ती दोन शब्द बोलेल. ती पॅरिसला एक वाक्य बोलली ते आम्हाला चाळीस वर्षं पुरलं, तेव्हा आज दोन बोलली तर शतकभराची सोय होईल."

सगळे हसले, टाळ्या झाल्या. हेरलिंडनं ताटाकडे पाहिलं. तिला ते दोन शब्द ऐकायचे नव्हते.

डिम्फना उठली. तोंडाला रुमाल लावला. खुर्चीभोवती एक फेरी मारली, कापड बोटांनी चाचपून पाहिलं आणि पसंत असल्यासारखी मान हलवली. मग तिनं रोझालीला दोन्ही खांद्यांना धरून त्या खुर्चीत बसवलं, तिचे पाय टेकूवर नीट उचलून ठेवले आणि करंडक तिच्या मांडीवर दिला. रोझालीनं चकित होऊन करंडक दोन्ही हातांनी धरला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, जूनमध्ये असतं तसं.

दाराशी रॅकेटच्या बॅगांचा ढीग होता. डिम्फना त्यात वाकली, कंबरेतून, आणि आपली बॅग काढली. ती डाव्या खांद्यावर घेतली. मग पुन्हा वाकली आणि दोन-तीन बॅगा बाजूला सारून हेरलिंडची हिरवी बॅग शोधून काढली. ती उजव्या खांद्यावर घेतली. नेस्तोर म्हणाला, "अगं, दोन शब्द?" पण ती दोन्ही खांद्यांवर दोन बॅगा घेऊन, जरा लंगडत, दोन नंबरच्या कोर्टाच्या दिशेनं बाहेर पडलीसुद्धा, आणि दार तिनं मागे उघडंच ठेवलं.